खाडीत आमिष नेमकं कोण खातं? पाण्याखालचा कॅमेरा घ्यायचाय, पहिलाच आहे

गरीवाली_ऐरोली

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीची. गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, मला मामाने शिकवलं, तो गोठिवलीचा. त्याच्याकडे बांबूची काठी, माझ्याकडे रॉड आणि रील. घरी जिताडा घेऊन जातो तो, मी रिकामी पिशवी. रविवारी भरतीची वेळ बघून कधी सारसोळ्याच्या जेट्टीवर बसते, कधी बेलापूरकडे, कधी वाशीला पुलाच्या बाजूला. नवऱ्याला माशाचा वास चालतो, पण फक्त ताटातला.

अडचण अशी आहे. गळाला सोललेली कोळंबी लावते, शिसं तळाला टेकवते. थोड्या वेळात रॉडचं टोक थरथरतं. ओढून बघावं तर गळ मोकळा. कधी कोळंबी साफ, कधी अर्धी, कधी नुसता एक धागा लटकलेला. मामा म्हणतो चिंबोरी. जेट्टीवर शेजारी बसणारे एक काका म्हणतात शिंगाळ्याची पिल्लं. तिसरे एक आहेत, ते म्हणतात केंड (तो फुगणारा मासा), शंभर टक्के केंड. तिघंही छातीठोकपणे सांगतात, आणि तिघांपैकी एकानेही खाली जाऊन बघितलेलं नाही.

मला बघायचंय. मासा मिळाला नाही तरी चालेल, पण माझ्या पैशांची कोळंबी कोण खातंय ते कळलं पाहिजे.

बजेट पंधरा हजार. फोन नीट वापरता येतो, कॅमेऱ्यातलं मात्र काही कळत नाही आणि सेटिंगमध्ये डोकं घालायची हौसही नाही. शोधलं तेव्हा तीन प्रकार दिसले. एक, डोक्याला-सायकलला लावतात ते ॲक्शन कॅमेरे. दुसरा, लांब वायर आणि वर स्क्रीन असलेला, वायर सोडायची आणि वर बसून बघायचं. तिसरा एकदम छोटा, गळाच्या दोरीलाच बांधायचा, आणि त्यावर ‘वायफाय’ लिहिलेलं. हा तिसरा मला आवडलाय. जाहिरातीत तरी बाई होडीत बसून फोनवर मासे बघतेय आणि पाणी निळंशार.

वापर मुख्यतः खाडीत. डिसेंबर-जानेवारीत बदलापूरच्या बाजूला नणंदेकडे जातो तेव्हा गोड्या पाण्यात. वर्षातून एकदा मालवण. पुढेमागे मामेभावाच्या होडीतूनही जायचा विचार आहे. कोणता घेऊ?

दिवाळेकर

ताई, खाडीत पंधरा हजारांचा कॅमेरा सोडून दिसणार काय, तर चिखल. आमची हयात गेली या पाण्यात. हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत.

कोण खातंय ते कॅमेऱ्याशिवाय कळतं. टोक हळूच वाकलं आणि तसंच वाकलेलं राहिलं, ओढल्यावर जड लागलं आणि मग एकदम सुटलं, तर चिंबोरी. तिची घाई नसते. कोळंबी कडेने चिमटे काढल्यासारखी येते. टकटक, टकटक, थांबलं, परत टकटक, हे बारीक मासे, त्यात शिंगाळ्याची पिल्लं आली. आणि दोरीच कापली, गळासकट गेलं, तर केंड. त्याला वर-खाली मिळून चारच दात, पण ते जोडून चोच झालेली असते. बारीक गळसुद्धा चावतो. तुमचा गळ शाबूत येतोय ना? मग केंड नाय.

कोळंबी आदल्या रात्री मीठ लावून ठेवा, घट्ट होते. आणि बारीक रबरी दोरा मिळतो, त्याने गळाला गुंडाळा. निम्मी चोरी तिथेच थांबेल.

होडीचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या बोटींची मासेमारी बंद असते. पावसाळा सरू द्या, मग बघा.

कळव्याचा_वायरमन

दिवाळेकर काकांचं अर्धं बरोबर आहे. खाडीत दिसत नाही हे खरं, पण ‘काहीच’ दिसत नाही हे खरं नाही. किती दिसत नाही ते मोजता येतं, आणि कॅमेरा त्यावरून ठरतो.

माझी ओळख सांगतो म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी कळव्यात सीसीटीव्हीची कामं करतो. सोसायट्यांच्या बोअरवेलमध्ये मोटर अडकली, पाइप निसटला की आत बघायला वायरवाला कॅमेरा ठेवलाय. सुट्टीच्या दिवशी तोच घेऊन मासे बघायला जातो. मासे पकडण्यात मला गती नाही, बघण्यात आहे.

तर ताई, कॅमेरा नंतर. आधी एक पांढरी प्लॅस्टिकची बशी घ्या. मधोमध भोक, खाली शिसं, वर दोरी. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारा. जेट्टीच्या सावलीच्या बाजूने सरळ खाली सोडा. दिसेनाशी झाली की गाठ मोजा. हळूहळू वर घ्या, दिसायला लागली की पुन्हा मोजा. दोन्हींच्या मधलं माप धरा. ही अक्कल माझी नाही. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात अशी पांढरी तबकडी सोडली होती, आणि तलावांचं पाणी आजही असंच मोजतात. ढोबळ हिशेब असा की बशी ज्या खोलीवर गायब होते, त्याहून फार लांबचं कॅमेऱ्यालाही दिसत नाही. कॅमेरा पाच हजारांचा असो की पन्नास हजारांचा. मधे गाळ असेल तर महागडी लेन्स तुम्हाला गाळच दाखवणार, फक्त जास्त स्पष्ट.

ठाण्याच्या खाडीचं असं आहे की उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं, आणि तळाला लोण्यासारखा गाळ. त्याला खाली बसायला उसंतच नाही. म्हणून अमावास्या-पौर्णिमेला जाऊ नका. अष्टमीच्या आसपास, त्यातही एखादा दिवस मागाहून, भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. त्या दिवशी भरती पुरी होऊन पाणी थांबतं तो थोडा वेळ तुमचा. बाहेरचं समुद्राचं पाणी तेव्हा आत आलेलं असतं, ते त्यातल्या त्यात बरं.

आता वायफाय. हे नीट समजून घ्या, कारण लोकांचे पैसे इथेच जातात. वायफायच्या लहरी पाण्यात चालत नाहीत. खाऱ्या पाण्यात तर काही सेंटिमीटरमध्ये संपतात. म्हणजे दोरीला बांधायचा कॅमेरा खाली गेला की फोनशी त्याचा संबंध तुटला. तो आतल्या कार्डावर रेकॉर्ड करत राहतो, वर काढला की फोनवर फाइल बघायची. कॅमेरा म्हणून तो वाईट नाही, चालत्या होडीमागे गळ ओढत ट्रोलिंग करणाऱ्यांना उपयोगी आहे, पण होडीत बसून फोनवर ‘लाइव्ह’ बघणं त्याने होणार नाही. खालचं त्याच क्षणी वर बघायचं असेल तर वायर पाहिजे. दुसरा मार्ग नाही. शिवाय त्याचं वजन तुमच्या दोरीवर येतं, आणि टोकाची थरथर बघून ओळखणाऱ्या माणसाची तीच खूण बोथट होते.

उजेडाचंही सांगतो. या कॅमेऱ्यांच्या तोंडाभोवती एलईडीची चकती असते. जाहिरातीत ‘२४ एलईडी, ३० एलईडी’ असं मोठ्या अक्षरात. गढूळ पाण्यात ती लावली की समोर पांढरा पडदा उभा राहतो, घाटातल्या धुक्यात हाय बीम मारल्यासारखा. गाळाचा कण न् कण उजेड परत लेन्सवर फेकतो. एलईडी बंद ठेवा. उजेड हवाच असेल तर पाण्यात चालणारी टॉर्च कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला बांधा, आडव्या दिशेने आमिषावर पडेल अशी.

काहींत इन्फ्रारेड असते, मासे बिचकत नाहीत म्हणून. सोसायटीच्या गेटवर ती वीस-तीस मीटर मारते म्हणून पाण्यातही मारेल असं नाही. पाणी इन्फ्रारेड पिऊन टाकतं. ८५० नॅनोमीटरची असेल तर हातभर तरी काही दिसतं. ९४० नॅनोमीटरची, म्हणजे जिचा लाल ठिपकासुद्धा दिसत नाही ती, वीतभरातच संपते. डब्यावर हा आकडा बघून घ्या. लिहिलेलाच नसेल तर ९४० समजून चाला.

आणि ॲक्शन कॅमेरा खाडीसाठी नको, कारण वेगळंच आहे. त्याचा फोकस ठरलेला असतो. साधारण फूटभराच्या आतलं त्याला धूसर दिसतं. आणि आपल्या खाडीत फूटभराच्या पलीकडचं गाळामुळे दिसत नाही. म्हणजे जिथे दिसतं तिथे फोकस नाही, जिथे फोकस आहे तिथे दिसत नाही.

बशी सोडून या, माप सांगा, मग पुढे बोलू.

पूर्व_ठाणे_बोटिंग

एवढं कशाला? माझ्या भावाने ऑनलाइन साडेतीन हजारांत ४के वॉटरप्रूफ घेतला, केससकट. भारी आहे.

कळव्याचा_वायरमन

भाऊ, त्या ४के फाइलचा आकार बघा. चांगला ४के कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. ६० मेगाबिट धरले तरी २७ जीबी. तुमच्या भावाची तासाची फाइल पाच-सहा जीबीची निघाली तर आत १०८० चा किंवा त्याहून लहान सेन्सर आहे आणि चित्र ताणून ४के केलंय. उन्हात ते खपून जातं. पाण्याखाली, कमी उजेडात, दाणे दाणे दिसतात. केसचा रबर मात्र एकदा टिश्यूपेपर आत ठेवून बादलीत बुडवून बघा. टिश्यू कोरडा आला तर तेवढे पैसे वसूल.

निळं_पाणी

मी ठाण्याचाच, डायव्हिंग शिकलोय, मालवणला जाणं-येणं असतं. वायरमन दादांनी खाडीचं सांगितलं, मी तुमच्या वर्षातल्या त्या एका मालवणबद्दल सांगतो.

तिथे हिवाळ्यात पाणी स्वच्छ असेल तर ॲक्शन कॅमेराच खरा. पण तुमच्या पंधरा हजारांत नवा चांगला बसणार नाही, वापरलेला बघावा लागेल. गोप्रो हीरो ५ पासूनचे आकडा असलेले हीरो मॉडेल (नुसतं ‘हीरो’ नाही) वरच्या केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ हा १८ मीटर, ॲक्शन ५ प्रो २० मीटर. पण हे आकडे बॅटरीची आणि चार्जिंगची झाकणं नीट बंद असतील तरच. वापरलेला घेताना पहिल्यांदा ती झाकणं उघडून रबर बघा. चिरा गेलेल्या असतील, किंवा आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर असेल, तर किंमत कितीही कमी सांगू दे, परत द्या.

‘आयपीएक्स७’ लिहिलेलं बघून फसू नका. त्याचा अर्थ एक मीटर खोल, अर्धा तास, साध्या पाण्यात. ‘आयपी६८’ मध्ये खोली कंपनी ठरवते, ती किती ते वाचावं लागतं. दहा मीटर खाली गेलं की वरच्या हवेइतकाच दाब आणखी वाढतो, एकूण दुप्पट. पहिल्या दोन हातांत न गळणारा कॅमेरा तिथे गळतो.

कॅमेरा गळायला रबराच्या कड्यावर वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केस पुरतो. झाकण लावण्याआधी कोरड्या बोटाने कडं फिरवून बघायचं. वर आल्यावर लगेच उघडायचं नाही. गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचा, पुसायचा, वाळवायचा, मग झाकण. नाहीतर कडेला राहिलेला खारा थेंब आत जातो.

रंगाचं म्हणाल तर पाच मीटरच्या आसपास लाल रंग जवळजवळ गेलेला असतो. तांब मासा वर काढलात की लाल, खाली चित्रात राखाडी. निळ्या पाण्यात लाल फिल्टर, हिरवट पाण्यात किरमिजी फिल्टर लावतात. खाडीत दोन्हींचा उपयोग शून्य.

गरीवाली_ऐरोली

बशी सोडून आले! जेट्टीवर सगळे विचारत होते की काय पूजाबिजा आहे का.

सारसोळ्याला, पौर्णिमेच्या जवळ, ओहोटी लागलेली असताना: एक वीत पुरी व्हायच्या आत गायब. दादांनी नको म्हटलेलं तरी मुद्दाम त्या दिवशी मोजलं, वाईटात वाईट किती ते कळावं म्हणून. मग अष्टमी उलटल्यावर, भरती थांबलेली असताना, तिथेच: दोन वीत आणि वर चार बोटं. बदलापूरला नणंदेच्या गावाजवळच्या तळ्यात: बशी माझ्या उंचीइतकी खाली गेली तरी अंधुक दिसत होती.

म्हणजे खाडीत दीड फूट, चांगल्या दिवशी. एवढ्यात काही होतं का, की सोडून देऊ?

आणि दिवाळेकर काका, मीठ लावलेली कोळंबी खरंच टिकते. धन्यवाद. पण कोण खातंय ते बघायचंच आहे.

कळव्याचा_वायरमन

वा! इतकं व्यवस्थित माप इथे कोणी आणून दिलं नव्हतं.

दीड फुटात होतं. नुसतं होतं असं नाही, खाडीचं काम तर पंधरा हजारांच्या पुष्कळ खाली होतं. गणित साधं आहे: गाळ काढता येत नाही, तर गाळातलं अंतर कमी करा.

गाड्या दुरुस्त करणारे वापरतात तो एंडोस्कोप बघितलाय? पेनाएवढं डोकं, पाच मीटर वायर, दुसरं टोक फोनच्या चार्जिंगच्या भोकात. त्याचा फोकस जवळचा असतो, साधारण तीन ते दहा सेंटिमीटर. नेमका आपल्याला पाहिजे तसा. फोन तो कॅमेरा ओळखतो का ते दुकानातच लावून बघा, सगळे फोन ओळखत नाहीत. बहुतेक एंडोस्कोप आयपी६७ असतात, म्हणजे वर सांगितलं तसं एक मीटर, अर्धा तास. जेट्टीच्या पायरीशी, कमरेएवढ्या पाण्यात वापरायचा, खोल सोडायचा नाही.

आता त्याच्यापुढे स्वच्छ पाणी बांधायचं. बंदरात पुलाचे खांब, जहाजांचे तळ तपासणारे पाणबुडे हेच करतात: कॅमेऱ्याच्या तोंडाला स्वच्छ पाण्याने भरलेला पारदर्शक डबा लावतात आणि डब्याचं दुसरं तोंड तपासायच्या जागेला टेकवतात. मधे गढूळ पाणी राहतच नाही. आपण घरगुती करू. लहान, चौकोनी, एकदम पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, सहा-सात सेंटिमीटर लांबीचा. तळावर अक्षरं किंवा आकडे उठवलेले नकोत, नाहीतर प्रत्येक चिंबोरीवर ‘५०० मिली’ लिहून येईल. झाकणाला भोक पाडून एंडोस्कोपचं डोकं आत घाला, भोवती एम-सील किंवा सिलिकॉन. डबा उकळून गार केलेल्या पाण्याने काठोकाठ भरा, बुडबुडा एकही नको. हवा राहिली तर डबा तरंगेल आणि बुडबुडा बरोबर लेन्सपुढे येऊन बसेल. उकळलेलं पाणी एवढ्यासाठी की त्यातली विरघळलेली हवा निघून जाते, उन्हात बुडबुडे धरत नाहीत.

आमिष डब्याच्या तळासमोर दोन-तीन बोटं अंतरावर टांगा. पाण्यात वस्तू पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते, म्हणजे दहा सेंटिमीटरवरची साडेसातवर. फोकस आधी घरच्या बादलीत जुळवून घ्या. सगळं एका लोखंडी सळईच्या एल आकारावर बांधा, खाली शिसं, म्हणजे ओढीने फिरणार नाही. फोन पाऊचमध्ये. फोन पाण्यात पडला तर त्याचा प्रश्न वेगळ्या धाग्यात विचारा.

बदलापूरच्या तळ्यासाठी मात्र वायरवाला स्क्रीनचा कॅमेरा घ्या, तो तुमच्या बजेटमध्ये बसेल. खाली बघा:

स्क्रीन सात इंची आणि तिला उन्हाची झडप असलेली. चार इंचीवर उन्हात स्वतःचं तोंड दिसतं.

रेकॉर्डिंग आहे का ते विचारून घ्या. दिसायला सारख्या दोन मॉडेलपैकी स्वस्तात ते नसतं, आणि घरी दाखवायला काहीच राहत नाही. कार्ड विश्वासाच्या दुकानातून. नकली कार्ड ६४ जीबी दाखवतं, आत आठच असतात, भरलं की जुन्यावरच लिहीत सुटतं. आल्या आल्या एकदा पूर्ण भरून, परत वाचून बघा.

वायर पंधरा मीटर. तीस मीटरच्या मागे लागू नका. तेवढी खोली तुम्हाला कुठे मिळणार नाही, आणि गुंता सोडवण्यात सकाळ जाईल.

कॅमेऱ्याला मागे माशाच्या शेपटीसारखं पातं असेल तर बरं. नसेल तर सरळ ठेवायला पत्र्याचं लावून घ्या, नाहीतर तो गोल गोल फिरतो आणि बघणाऱ्याला मळमळतं.

‘१००० टीव्हीएल’ (चित्रातल्या रेषांचा आकडा) वगैरेंवर जीव टाकू नका. अशा कॅमेऱ्यात साधारण जुन्या टीव्हीइतकं चित्र मिळतं. मासा कोणता, किती मोठा, आमिषाला तोंड लावतो की नुसता हुंगून जातो, हे कळायला तेवढं पुष्कळ.

दिवाळेकर

कळव्याच्या पोराने डोकं चालवलं बुवा. एक सांगून ठेवतो. तुर्भे-नेरूळच्या बाजूला जुन्या खदानी आहेत, पाणी काचेसारखं दिसतं. तिथे कॅमेरा घेऊन उतरू नका. कडा सरळ तुटलेल्या असतात, पाय गेला की आधार नाय. मोरबे हे नवी मुंबई महापालिकेच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथेही असलं काही नको. धरणातली मासेमारी बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सोसायटीला दिलेली असते, गावात विचारून, पावती घेऊन बसा.

आणि खाडीत पलीकडच्या अंगाला तुर्भ्याचं अणुकेंद्र आहे, म्हणजे ट्रॉम्ब्याचं. उरणला करंज्याकडे नेव्ही. कॅमेरा पाण्याखाली आहे का वर आहे हे पोलीस नंतर विचारतात. त्या दिशेला काही काढू नका. ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द आहे, तीही बघून ठेवा.

गरीवाली_ऐरोली

डबा तयार झाला. बर्फीचा होता, तळ सपाट. एंडोस्कोप भाच्याचा, तो बाइक दुरुस्त करतो, त्याने ‘मावशी, तेल नको लावूस त्याला’ म्हणून दिला. पहिल्यांदा बुडबुडा राहिला आणि सगळं चित्र म्हणजे एक गोल बुडबुडा. पुन्हा उकळलं, पुन्हा भरलं.

काल भांगाचं पाणी होतं. जेट्टीच्या खालच्या पायरीवर बसले (कालवांनी पायरी नुसती धारदार झालीय, जाड तळव्याचे बूट घालून जा कोणी जाणार असाल तर). सळई सोडली. पाणी गढूळच, पण कोळंबी स्पष्ट! तिच्या अंगावरच्या मिठाच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

सांगते काय झालं ते. आधी बराच वेळ काही नाही. मग बोटाच्या पेराएवढे मासे आले, पारदर्शक, चार-पाच. टोचून पळायचे, टोचून पळायचे. माझ्या रॉडचं टोक थरथरतं ते हेच, मला खात्री आहे. त्यांनी कडा भुसभुशीत केली. मग डाव्या बाजूने एक नांगी आली. नुसती नांगी. कोळंबीच्या शेपटाकडून धरलं, सावकाश ओढलं, तुकडा निघाला, नांगी गेली. परत आली. अंग शेवटपर्यंत दिसलं नाही. शेवटी गळावर तो धागा राहिला, मी वर लिहिलाय ना, तोच.

म्हणजे मामाही बरोबर, शेजारचे काकाही थोडे बरोबर. केंडवाल्यांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, हा कॅमेरा बघून केंड आला नाही.

काका, ते छोटे मासे कुठले? व्हिडिओतला एक फोटो जोडलाय.

वायरमन दादा, तळ्यासाठी पंधरा मीटरचा, सात इंची, रेकॉर्डिंगवाला बघून ठेवलाय. एकच विचारायचंय. कॅमेरा वर ओढताना वायरीनेच ओढायचा का? भीती वाटते तुटेल.

दिवाळेकर

फोटोत शिंगाळा नाय. त्याला मिशा असत्या. हे बोयचं पिल्लूही नाय. मला ते काचकी वाटतंय, पण शेपूट कापली गेलीय फोटोत, पक्कं सांगत नाय. दुसरा फोटो टाका.

नांगी चिंबोरीचीच. रंगावरून मोठी असावी. तिथे गळ नको, फग टाका, चिंबोऱ्या पकडायची जाळी असते ती. आत माशाचं डोकं बांधा आणि पाणी भरताना सोडा.

कळव्याचा_वायरमन

वायरीने ओढू नका. कॅमेऱ्याच्या मानेला वेगळी नायलॉनची दोरी बांधा, वायरीपेक्षा हातभर आखूड. ओढ दोरीवर, वायर सैल. दोघींना दर दोन हातांवर केबल टायने एकत्र धरा, म्हणजे गुंता होत नाही. खाली दगडाच्या फटीत अडकला तर झटका देऊ नका, दोरी सैल सोडा, होडी किंवा स्वतः पलीकडच्या बाजूला जाऊन उलट दिशेने ओढा. बहुतेक वेळा सुटतो.

जिथे वायर कॅमेऱ्याच्या बुडात शिरते ती जागा सगळ्यात आधी गळते. नवा आल्या आल्या तिथे सिलिकॉनचा एक थर द्या, एक दिवस वाळू द्या, मग बादलीत रात्रभर चालू ठेवून बघा. सकाळी काचेच्या आत धुकं दिसलं तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत पाठवा.